मोर, हत्ती आणि हाताची घडी

चन्नप्पा मास्तर मला कधी आवडले नाहीत. ते गेल्यावर पेठेतल्या लोकांनी त्यांच्याविषयी बरंच चांगलं बोललेलं मी ऐकलं. गेलेल्या माणसाविषयी असं बोलायची रीत आहे. मला ती रीत जमत नाही. जो माणूस असताना आपल्याला डाचत होता, तो नसताना गोड कसा होतो, हे गणित मला सुटलेलं नाही.

साखर पेठेत आमची दोन घरं एकाच भिंतीला लागून होती. मी एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहायचो. मास्तर टॉवेल-चादरींच्या कारखान्यात जकार्डचे पुठ्ठे पाडायचे. चादरीवर मोर किंवा कमळ उमटतं ते आपोआप उमटत नाही. आधी कागदावर चौकोन आखून नक्षी काढायची, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांच्या लांब माळेवर एकेक भोक पाडायचं. भोक असेल तिथं दोरा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. एक भोक चुकलं की मोराची मान तुटते, आणि ती तुटकी मान चादरीमागून चादरीत येत राहते. मास्तरांच्या मोराची मान कधी तुटली नाही. एवढं त्यांच्या जमेला लिहून मी पुढं जातो.

आम्ही त्या घरात राहायला गेलो त्याच आठवड्यात ते ओट्यावर भेटले. उंच, सुकलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे. मी नमस्कार केला. त्यांनी नमस्कार घेतला नाही. खिशातून सूत मोजायचं लहान भिंग काढलं, माझ्या शर्टाच्या कॉलरवर टेकवलं आणि एक डोळा मिटून वाकले. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. ओट्यावरची माणसं बघत होती.

"दुकानदारानं इंचाला साठ सांगितलं असंल," ते म्हणाले.

"मी विचारलं नाही."

"विचारायचं असतंय. बावन्न हाय. फसवलंय तुमाला."

एवढं बोलून ते आत गेले. घरी येऊन मी सुईच्या टोकानं दोरे मोजले. बावन्नच भरले. आकडा खोटा निघाला असता तर मी त्यांना तेव्हाच क्षमा करून टाकली असती.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका रविवारी सकाळी भिंतीपलीकडून गिरणीचा भोंगा ऐकू आला. सोलापुरात भोंग्याचं कुणाला नवल नाही, पण तो भिंतीतून कसा येईल? बायको म्हणाली, "आज रविवारी कुठली पाळी सुटली?" भोंगा विरला, मागून ढोल सुरू झाला, मग तारेचं काही वाद्य, आणि त्या सगळ्यावर चढून सनईसारखा एक कर्कश, उघडा सूर. सनई नव्हती. सनई इतकी भांडत नाही. आमच्या मुलीची परीक्षा जवळ आली होती. मी जाऊन कडी वाजवली.

दार अर्धं उघडलं. "काय ओ?"

"जरा आवाज कमी—"

"तिकडं ऐकू येतंय?"

"येतंय म्हणून तर आलो."

"फुकट ऐकायचं आणि वर तक्रार. बरं हाय की तुमचं."

"वळग करीरी," आतून गिरिजावहिनींचा आवाज आला. आत बोलवा, असं त्या नवऱ्याला कानडीत बजावत होत्या. म्हणून मी आत गेलो. मास्तरांनी मला कधीच बोलावलं नाही.

आत रेडिओग्राम होता, आणि त्याच्या शेजारी उभ्या रचलेल्या रेकॉर्डी. त्या आल्या कुठून याची हकीगत मला पुढं वहिनींकडून तुकड्या-तुकड्यांनी कळली. कारखान्याचे टॉवेल स्पेनला जात. तिथल्या गिऱ्हाइकाचा खरेदीचा माणूस, जोर्दी नावाचा, एकदा माल पाहायला सोलापुरात आला होता. शेठच्या केबिनमध्ये तो दहा मिनिटंही टिकला नाही. मास्तरांच्या खोलीत जाऊन पुठ्ठ्यांच्या माळा बघत बसला. शेठचा मुलगा दुभाषी होता. जोर्दी म्हणाला, आमच्याकडे जत्रेत असेच भोकांचे पुठ्ठे यंत्रात घालतात आणि यंत्र गाणं वाजवतं. मास्तरांनी जन्मभर पुठ्ठ्यांतून चादर काढली होती. पुठ्ठ्यातून गाणंही निघतं हे ऐकून ते रात्री जेवले नाहीत, असं वहिनी सांगायच्या. "दुसऱ्या दिवशी परत त्या पावण्याला धरलं, म्हणले, गाणं ऐकीव. त्यानं जाऊन रेकॉर्ड धाडली. मग तिकडनं येणाऱ्या दर नमुन्याच्या पेटीत एक यायला लागली."

या रेकॉर्डी दुकानात मिळणाऱ्या नव्हत्या. जोर्दीचं गाव बार्सिलोनाजवळ होतं, गिरण्यांचंच. पाळी सुटल्यावर तिथली पोरं कुणाच्या तरी गोदामात जमायची, वाजवायची, वर्गणी काढून दोन-तीनशे रेकॉर्डी छापून घ्यायची आणि हातोहात विकायची. मोठ्या कंपन्यांना त्यांची नावंही ठाऊक नसत. स्पेनच्या दुसऱ्या गावांतली असलीच पोरं आपल्या रेकॉर्डी जोर्दीकडे देत. त्यातली एकेक टॉवेलच्या नमुन्यांत गुंडाळून साखर पेठेत येई.

"तीनशेतली एक हितं हाय," मास्तर म्हणायचे. "हिंदुस्थानात दुसरी न्हाय." पहिलं वाक्य गाण्याच्या कौतुकाचं होतं, दुसरं स्वतःच्या.

आता नावांविषयी. त्या पोरांची नावं मला सांगता येत नाहीत, कारण मास्तरांनी ती कुणाला कळू दिली नाहीत. रेकॉर्ड आली की तिचं रंगीत पाकीट ते चुलीत घालायचे. मधल्या गोल कागदावर जे छापलेलं असे त्यावर कारखान्यातलं चादरीचं लेबल चिकटवायचे, चिंचोक्याच्या खळीनं, घट्ट. चादरींच्या लेबलांवर चित्रं असतात. त्यामुळे एका वाद्यवृंदाचं नाव मोर पडलं, एकाचं हत्ती, एकाचं दोन पोपट, एकाचं घड्याळ. आम्हीही तसंच म्हणू लागलो. "मास्तर, आज हत्ती लावा."

याचं मूळ जुनं होतं. मास्तरांनी तरुणपणी बदामाची एक नक्षी काढली होती. त्यांच्या कारखान्यातली पहिली गाठ उघडायच्या आत तीच नक्षी दुसऱ्याच्या चादरीवर बाजारात आली. हाताखालच्या माणसानं कागद डोळ्यांनी टिपला आणि घरी जाऊन उतरवला. तेव्हापासून मास्तर जेवतानासुद्धा ताटावर डावा हात आडवा धरायचे. लोकांना या गोष्टीत त्यांची कीव यायची. मला यायची नाही. एकानं चोरी केली म्हणून उरलेल्या गावाला जन्मभर चोर समजणं हा सौदा मला कधी पटला नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे जायचो, मी आणि नरसय्या. नरसय्या आमच्या मागच्या गल्लीतला, विणकराच्या घरातला, घरात तेलुगू बोलणारा. पण मागावर त्याचं मन नव्हतं. त्याची स्वतःची बॅन्ड पार्टी होती, लग्नाच्या वरातीत वाजवणारी, आणि तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा. ठेंगणा, पोट सुटलेला, गाल फुगवायची इतकी सवय की गप्प बसला तरी गाल अर्धे भरलेलेच असत. भिंतीतून आलेला तो भांडकुदळ सूर मी त्याला वर्णन करून सांगितला होता, आणि वहिनींच्या वशिल्यानं त्याला आत शिरायला मिळालं होतं.

मास्तरांचे नियम होते. चपला ओट्यावर नाही, ओट्याखाली. रेकॉर्डला कुणी हात लावायचा नाही. खोकला आला तर बाहेर. पायानं ठेका धरायचा नाही. ते एका हातात लाकडी पट्टी घेऊन बसायचे आणि ठेका धरणाऱ्याच्या घोट्यावर ती हलकेच टेकवायचे. हलकेच म्हणजे लागेल इतपत.

पण ऐकायला त्यांनीच शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. "गाणाऱ्याच्या तोंडाकडं काय बघताय? आधी ताणा ऐका," ते म्हणायचे. ढोल आणि जाड तारांचं गिटार हा ताणा, उभा धागा. त्याच्यातून जो सूर आडवा धावतो तो बाणा. हे एकदा कळल्यावर जो नुसता गोंगाट वाटायचा तो सुटा होऊन कानात बसू लागला. हत्तीमध्ये टाळ्यांचाच ताणा होता. ती स्पेनच्या दक्षिणेकडची पोरं, तिथली सरकारी भाषा गाणारी. घोगऱ्या आवाजाची एक बाई टाळ्यांच्या फटीतून अशी वाट काढायची की आपल्याला दम लागावा. घड्याळ मात्र एक बाजू संपेपर्यंत थांबायचं नाही. नरसय्या त्यात हमखास पेंगायचा आणि पट्टी खायचा. दोन पोपट म्हणजे दोघी बहिणी, एक गिटार, आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात केलेलं ध्वनिमुद्रण. मध्येच मागं भांडं पडल्याचा आवाज होता. तो त्यांनी तसाच ठेवला होता. ते आलं की वहिनी आतून म्हणायच्या, "बघा, तिच्या घरातबी भांडं पडतंय. आणि तिचा दाल्ला तिला वरडत न्हाय."

मोर आणि दोन पोपट यांची भाषा निराळी होती. मास्तरांना जोर्दीकडून कळलेलं होतं. "घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. घरातलीत गायलं तर तितल्या सरकारला आवडत नव्हतं. म्हणून ही पोरं त्यातच गायची."

"आपल्यासारखंच की," नरसय्या म्हणाला. "तुमी घरात कानडी, मी घरात तेलुगू."

"तू गप ऐक," मास्तर म्हणाले.

नरसय्यासाठी हे ऐकणं नुसती हौस नव्हती. पेठेत दुसरी एक बॅन्ड पार्टी निघाली होती. त्यांच्याकडे हातगाडीवरचा लाउडस्पीकर होता, माइक होता, आणि नवं सिनेमाचं गाणं आलं की आठवड्यात ते त्यांच्या वरातीत वाजायचं. सुपाऱ्या तिकडं वळल्या होत्या. नरसय्याची दोन माणसं त्यांच्याकडे गेली, ढोलवाला जायच्या वाटेवर होता. "माज्याकडं असं काय हाय जे त्येंच्याकडं न्हाय?" असं तो मला विचारायचा. मोर पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी त्याला उत्तर सापडलं. भोंगा, ढोल आणि तो भांडणारा सूर. तो सूर क्लॅरिनेटवर जसाच्या तसा निघेल, हे त्याला दुसऱ्याच ओळीला कळलं. त्याची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली.

मास्तरांनी पिन उचलली.

"बोटं थांबीव."

"कुठली बोटं, मास्तर?"

"मांडीवरची. उतरवून घ्यायला लागलास व्हय?"

त्या दिवसापासून नवा नियम आला. मोर लागला की दोघांनीही शाळेतल्या पोरांसारखी हाताची घडी घालून बसायचं. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पेढीवर चार जण माझ्या सहीची वाट बघायचे, आणि इथं हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसायचो. उठून का गेलो नाही? कारण मोर दुसरीकडं कुठंच ऐकायला मिळत नव्हता. मास्तरांना हे माहीत होतं. त्यांचा सगळा जोर त्यात होता.

नरसय्यानं त्यांना सरळ विचारून पाहिलं होतं. माझ्यासमोर, हात जोडून. "मास्तर, एवढी एक गत मला वाजवू द्या. पार्टी उभी ऱ्हाईल. नाव सांगा त्या पोरांचं, ढोलावर रंगवून घेतो, त्येंचंच नाव घेऊन वाजवतो."

"चादर बघून चादर काढणाऱ्याला काय म्हणतात ठाऊक हाय?"

"मास्तर, मी चादर न्हाय काढत. मी वरातीत वाजवतो."

"एकच हाय," मास्तर म्हणाले आणि घड्याळ लावलं. पूर्ण बाजू.

मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं ते अक्कलकोटच्या घरात. बॅन्ड ठरवला वहिनींनी, आणि नरसय्याचाच ठरवला. मास्तर म्हणाले, माइकवाल्यांना सांग. वहिनी म्हणाल्या, शेजारचा सोडून लांबचा कशाला? ते भांडण मी भिंतीतून ऐकलं. त्यात कानडी बरीच होती, तरी कोण जिंकलं ते कळलं.

वरात संध्याकाळी निघाली. दोन-तीन ओळखीची गाणी झाली. चौकात पोचल्यावर नरसय्यानं हात वर केला, बॅन्ड थांबला. मग सर्वांत मोठ्या पितळी कर्ण्यातून एक लांब, खालून वर चढत जाणारा आवाज निघाला. भोंगा. चौकातल्या माणसांनी मनगटावरची घड्याळं बघितली, खरंच बघितली. ढोल पडला. आणि नरसय्याच्या क्लॅरिनेटमधून तो सूर आला, उघडा, भांडत. रेडिओग्रामवर तो सूर लांबचा वाटायचा. इथं तो आमच्या रस्त्यात, धुळीत उभा होता.

अक्कलकोटची पोरं नाचायला लागली. नवऱ्या मुलाचा बाप, भारदस्त माणूस, टोपी सावरत ढोलाशी येऊन उभा राहिला. मग गर्दीतून मास्तर आले. त्यांनी नरसय्याच्या क्लॅरिनेटवर हात ठेवला आणि ती खाली दाबली. दातावर आदळली असावी, नरसय्याच्या ओठातून रक्त आलं.

"चोर," ते म्हणाले. "हाताची घडी घालून बसवलं तरी चोरलंस."

नरसय्यानं ओठ पुसला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो हसला. "हात बांदले होते मास्तर. क्लॅरिनेटवाल्याची जीभ कुटं बांदली होती? तोंडातल्या तोंडात वाजवून घेतलं."

पाहुणे हसले. ते मास्तरांना सहन झालं नाही. "बंद. हे माझ्या घरातलं हाय. हे वाजणार न्हाय."

"तुमच्या घरातलं?" नरसय्याचं हसणं गेलं. "त्या पोरांनी वर्गणी काढून छापलं, लोकांनी ऐकावं म्हणून. तुमी त्येंच्या तोंडावर लेबल चिकटवलं. चोर कोण ओ, मास्तर?"

मुलाचे वडील मध्ये पडले. "व्याही, काय झालं? चांगलं वाजवत होता की. हीच गत परत लावा म्हणणार होतो मी."

मास्तर रस्त्याच्या मधोमध हलले नाहीत. तेव्हा वहिनी बायकांतून पुढं आल्या, डोक्यावरचा पदर दातांत धरून. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लेकीची वरात हाय, कारखाना न्हाय. वाजीव रे नरसय्या."

नरसय्या वाजवायला लागला, रक्ताळलेल्या ओठानं, भोंग्यापासून परत. मास्तर वळले आणि घरी गेले. मुलीची पाठवणी झाली तेव्हा ते आले नाहीत. मुलगी दाराकडे बघत राहिली, मग गाडीत बसली. माझ्या घरात मुलगी आहे. या एका गोष्टीवर मी त्यांच्याशी कधी तडजोड केली नाही, आजही करणार नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना निरोप धाडला. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. नरसय्याही तसंच समजून आला, केळी घेऊन. मास्तरांनी मोर लावला आणि म्हणाले, "हात सोडा. आज बोटं चालीव, नरसय्या. सगळं ऐकून घे."

आम्ही ऐकलं. पहिल्यांदाच मोकळ्या हातांनी. नरसय्याची बोटं चालत होती, माझा पाय ठेका धरत होता, आणि पट्टी कोपऱ्यात उभी होती. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि तो एकच सूर उरतो, तिथं नरसय्यानं डोळे मिटले.

रेकॉर्ड संपली. मास्तरांनी ती उचलली, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवली, मांडीशी घेतली. पुठ्ठे पाडायचा पोलादी पंच आणि हातोडी शेजारीच होती. ती आधीपासून तिथं होती, हे मला तेव्हा दिसलं. त्यांनी पंच रेकॉर्डवर टेकवला आणि ठोका दिला. गोल, स्वच्छ भोक पडलं. दुसरं. तिसरं. घाई नाही, राग नाही, ओळीनं, आखून घेतल्यासारखं. जोर्दीच्या गावातली पोरं गोदामात जमली होती, त्यांनी वर्गणी काढली होती, आणि इथं साखर पेठेत त्यांच्या अंगावर भोकं पडत होती.

"मास्तर," नरसय्या म्हणाला, "नका ओ. मी न्हाय वाजवणार. शपथ. सोडा."

मास्तर थांबले नाहीत. आतून वहिनी म्हणाल्या, "करू दे. स्वतःचंच विणलेलं उसवत्यात."

मला आकडे दिसतात. पाटी असो, पावती असो, माझी नजर आधी आकड्यावर जाते. मास्तर ठोकळ्यावर रेकॉर्ड फिरवत असताना मोराच्या लेबलाबाहेर, जिथं गाणं संपून नुसता काळा गुळगुळीत पट्टा उरतो, तिथं रेकॉर्ड छापतानाच सुईनं कोरलेले चार आकडे उजेडात आले. ४१२७. लेबल चिकटवलं होतं कागदावर. हे कोरलेलं होतं रेकॉर्डच्याच अंगात, आणि त्यावर खळ चालली नव्हती.

काम संपवून त्यांनी रेकॉर्ड परत लावली. पिन भोकावरून उडून पडली. "मूळच ऱ्हायलं न्हाय, आता कोण चूक काढतंय बघू," ते म्हणाले. "आता तुझं तेच खरं. वाजीव."

तीनशेतली एक कमी झाली. आम्ही केळी तिथंच ठेवून बाहेर पडलो.

नरसय्या महिनाभर मोर वाजवत नव्हता. शपथ घेतली होती म्हणायचा. मीच त्याला म्हटलं, शपथ रेकॉर्ड वाचवायला घेतली होती, रेकॉर्ड वाचली नाही, शपथ फिटली. आणि तो आकडा सांगितला. नाव नाही तर आकडा तरी. त्यानं तो मोठ्या ढोलावर रंगवून घेतला, शेजारी पिसारा फुलवलेला मोर. लोकांना तो फोन नंबर वाटला. आणि योगायोग असा की गावात तो नंबर खरोखर होता, एका औषधाच्या दुकानाचा. लग्नसराईत त्या बिचाऱ्याला बॅन्डच्या सुपाऱ्या यायच्या. शेवटी वैतागून त्यानं नरसय्याचा पत्ताच सांगायला सुरुवात केली. ढोलवाला राहिला, गेलेल्यांतला एक परत आला. माइकवाल्यांनी मोर उतरवायचा प्रयत्न केला, पण कर्ण्यातून भोंगा काढणं त्यांना जमेना. पार्टी उभी राहिली.

स्पेनचं गिऱ्हाईक पुढं तुटलं. नमुन्यांच्या पेट्या बंद झाल्या. मास्तर निवृत्त झाले. भिंतीपलीकडून काही येईनासं झालं. खळीला कसर लागून लेबलं आणि त्याखालची नावं दोन्ही चाळणी झाल्याचं वहिनींनी सांगितलं. हत्ती, पोपट, सगळेच. खळीत मोरचूद घालायला हवं होतं, किडीला ते चालत नाही. जन्मभर खळीत हात घातलेल्या माणसानं तेवढं केलं नव्हतं. रविवारी सकाळी मी भाजी आणायला जाऊ लागलो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. दुपार उलटली होती, मी पेढीवरून घरी येत होतो. कोपऱ्यावरून कुणाची तरी वरात वळली आणि पितळी कर्ण्यातून भोंगा निघाला. मास्तर दार उघडून ओट्यावर आले. खूप वाळले होते. सदरा खांद्यांवर टांगल्यासारखा वाटत होता. त्यांना मी दिसलो की नाही कोण जाणे. ते खांबाला टेकले आणि त्यांनी हाताची घडी घातली, घट्ट, आम्हाला घालायला लावायचे तशी.

नरसय्यानं त्यांना पाहिलं. वाजवता वाजवता त्याची मान जराशी झुकली. वरात पुढं न्यायची सोडून त्यानं हात वर केला, बॅन्ड थांबवला आणि गत भोंग्यापासून परत सुरू केली, त्या ओट्यासमोर उभं राहून. वऱ्हाडी नाचत होते. मास्तर हलले नाहीत. पायसुद्धा नाही. ढोल त्यांच्या डोळ्यांसमोर होता, मोर आणि चार आकडे. ते आकड्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघितलं. आकडा कुणी दिला ते त्यांना कळलं.

गत संपली, बॅन्ड पुढं सरकला. मी ओट्यावर चढलो.

"मास्तर," मी म्हटलं, "आता तरी सांगा. नाव काय होतं त्यांचं?"

त्यांनी घडी सोडली. खिशात हात घातला, भिंग काढलं, माझ्या कॉलरवर टेकवलं आणि एक डोळा मिटून वाकले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"मागं बावन्न होतं," ते म्हणाले. "हे पन्नासच हाय."

आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.